तेलाचा डबा खरंच किती महागायला हवा? आयात शुल्काचा हिशेब घरच्या घरी

२०२४ च्या गणपतीतली गोष्ट. गौरी जाऊन एकच दिवस झाला होता. गल्लीतल्या मंडळाची आरती चालू असतानाच फोनवर बातमी आली: खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, उद्या १४ सप्टेंबरपासून लागू. माझ्या पोटात गोळाच आला. कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत घरातूनच मी फराळाचा धंदा करते, एकोणीस वर्षं झाली. दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरी गणपतीआधीच ठरतात, आणि तेव्हा दिलेला भाव मागं घेता येत नाही. शब्द म्हणजे शब्द.

सकाळी उठून लक्ष्मीपुरीची बाजारपेठ गाठली. डब्यामागं साडेतीनशे रुपये चढलेले. "वैनी, आज घ्या. उद्या ह्या भावातबी मिळायचा न्हाई," असं व्यापारी म्हणाला आणि मी बारा डबे उचलले. एका सकाळीत बेचाळीसशे रुपये जास्त गेले.

माझा मावसभाऊ उरणला असतो, बंदरावर कस्टम क्लिअरिंगच्या कामात. त्याला रात्री फोन करून रडगाणं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, ते तेल बंदरात कधी उतरलं, हे विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तेव्हापासून एक वही केली आहे. शुल्काची बातमी आली की आधी वही उघडायची, मग पिशवी घ्यायची. ती वही कशी लिहायची, ते इथं सांगते. किराणा दुकानदार, खानावळवाले, भडंगवाले आणि घरात महिन्याला पाच लिटर तेल नेणारे, सगळ्यांच्या कामाची आहे.

आधी खरा दर काढा

बातमीत शुल्क "२० टक्के वाढलं" असं येतं. तो आकडा अर्धवट असतो. मूळ सीमाशुल्काच्या जोडीला ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर असतो, आणि या दोन्हींच्या बेरजेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार लागतो. म्हणजे मूळ शुल्क आणि उपकर यांची बेरीज करायची आणि १.१ ने गुणायची.

त्या सप्टेंबरात कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. आधीचा खरा दर पाचाला १.१ ने गुणून ५.५ टक्के. नंतरचा, पंचवीसला १.१ ने गुणून २७.५ टक्के. खरी वाढ २२ टक्क्यांची.

रिफाइंड तेलाचा दर वेगळा असतो. त्याचं शुल्क तेव्हा १३.७५ वरून ३५.७५ टक्के झालं. आपल्या वहीत मात्र कच्च्या तेलाचाच दर लिहायचा, कारण बाहेरून येणारं बहुतेक तेल कच्चं येतं आणि इथल्या रिफायनरीत शुद्ध होतं. दोन दरांमधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, इथल्या रिफायनऱ्यांना काम मिळावं म्हणून.

मग टक्क्यांचे रुपये करा

टक्का कशावर लागतो, इथं बहुतेकांची गाडी अडते. दुकानातल्या भावावर तो लागत नाही. पामतेल आणि कच्च्या सोयाबीन तेलाची एक टनाची किंमत सरकार डॉलरमध्ये जाहीर करतं. तिला टॅरिफ व्हॅल्यू म्हणतात. साधारण दर पंधरा दिवसांनी ती बदलते आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या, म्हणजे सीबीआयसीच्या संकेतस्थळावर सापडते. कस्टमचा डॉलरचा दर कस्टमच्याच आइसगेट या संकेतस्थळावर मिळतो. सूर्यफूल या यादीत नाही, पण शुल्काचा टक्का तोच.

हिशेबाला सोपा आकडा घेऊ: टनाला १००० डॉलर आणि डॉलरला ८४ रुपये. टन झाला ८४,००० रुपयांचा, म्हणजे किलो ८४ रुपयांचा.

५.५ टक्क्यांनी किलोला शुल्क ४ रुपये ६२ पैसे.
२७.५ टक्क्यांनी २३ रुपये १० पैसे.
फरक १८ रुपये ४८ पैसे.
त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १९ रुपये ४० पैसे.
१५ किलोच्या डब्याला २९१ रुपये.

हा २९१ रुपये म्हणजे वाढीची वरची हद्द. शुल्काचा पैन् पै बोजा गिऱ्हाइकावर टाकला, तरी शुल्काच्या नावानं याहून जास्त मागता येत नाही. मी दिले साडेतीनशे, तेही पहिल्याच दिवशी. घरी एक लिटर नेणाऱ्यांनी किलोच्या फरकाला ०.९१ ने गुणावं, कारण लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. लिटरला साडेसतरा रुपयांच्या आसपास येतात.

टॅरिफ व्हॅल्यू १००० ऐवजी ११०० डॉलर असेल तर सगळे आकडे दहा टक्क्यांनी वर न्यायचे. रुपया घसरला तरी तसंच. शुल्काचा टक्का जागचा हलला नाही तरी डॉलर महागला की शुल्काचे रुपये वाढतात. म्हणून मी वहीत तीन रकाने ठेवते: बाहेरचा भाव, डॉलर आणि शुल्क. तेल महागलं की तिघांतला चोर कोण, ते लगेच दिसतं. २०२४ संपता संपता पामतेल सोयाबीन तेलापेक्षाही महाग झालं होतं. तेव्हा शुल्क सप्टेंबरात होतं तेवढंच होतं, तरी दुकानात सगळे "ड्युटी वाढली" म्हणूनच सांगत होते. शुल्काच्या नावावर काय काय खपतं, ते तेव्हा कळलं.

तेल कुठल्या तारखेचं, ते विचारा

जहाजातून आलेल्या मालाची नोंद कस्टमकडे होते, तिला बिल ऑफ एंट्री म्हणतात. ढोबळमानानं त्या नोंदीच्या दिवशीचा दर लागतो. मलेशिया-इंडोनेशियातलं पामतेल आठ-दहा दिवसांत पोचतं. अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयाबीन तेलाला महिना-दीड महिना लागतो. त्यामुळं १४ सप्टेंबरला लक्ष्मीपुरीत जो डबा होता, त्यातलं तेल ५.५ टक्के भरूनच आलेलं होतं. खुद्द केंद्र सरकारनंच तेव्हा सांगितलं होतं की कमी शुल्कात आलेलं सुमारे ३० लाख टन तेल देशात आहे, ते ४५ ते ५० दिवस पुरेल, तोवर कंपन्यांनी छापील किंमत वाढवू नये. दिवाळी तेव्हा अठ्ठेचाळीस दिवसांवर होती. म्हणजे माझा सगळा फराळ जुन्या शुल्काच्या तेलात तळून निघाला असता!

व्यापाऱ्याची बाजूही सांगते, नाहीतर लक्ष्मीपुरीत मला कोणी उभं करणार नाही. त्याचं म्हणणं असं, की आज जुन्या भावात डबा विकला तर उद्या त्याच पैशात नवा डबा भरता येत नाही. खरं आहे. पण मग शुल्क उतरल्यावरही हाच नियम लावायला नको का? ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के झालं, खरा दर १६.५. मी फोन केला तर उत्तर आलं, "वैनी, जुना माल हाय वो, महागात घेतलाय." चढताना नवा माल, उतरताना जुना माल.

सोन्याचं असं होत नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्के झालं आणि भाव लगेच हजारांनी उतरले. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, लग्नाघरच्या बायकांची झुंबड उडाली. सोन्याचा भाव तासातासाला सगळ्यांना दिसतो, जुना माल म्हणून सांगायची सोय नाही. तेलाचं मोबाइलवर बघायला कोण जातं?

म्हणून माझा नियम साधा आहे. शुल्क वाढलं तर घाबरून साठा करायचा नाही. हद्दीच्या आतला भाव मिळाला तर पंधरा दिवसांपुरतं घ्यायचं, नाहीतर दुसरं दुकान बघायचं. शुल्क उतरलं तर तीन-चार आठवडे एकेक डबाच आणायचा.

पिशवी उलटून वजन बघा. हे घरच्या गिऱ्हाइकासाठी. किंमत वाढवली की लोक ओरडतात, म्हणून काही जण किंमत तीच ठेवून तेल कमी करतात. एक लिटरसारख्याच दिसणाऱ्या पिशवीत कधी ८५० ग्रॅम निघतं, कधी त्याहून कमी. वजन बारीक अक्षरात असतं. किमतीला ग्रॅमनं भागायचं आणि हजारानं गुणायचं, मग दोन पिशव्यांची तुलना होते. शुल्काचा बोजा असाही वसूल होतो.

आणि जे तेल परदेशातून फारसं येत नाही, त्याचं काय? करडई, सरकी, शेंगतेल. आमच्या ओळखीचा एक घाणेवाला आहे, शेंगा गडहिंग्लजकडच्या, घाणा दारात. सप्टेंबरात त्यानंही लिटरमागं दहा रुपये वाढवले. "तुझ्या शेंगा काय बोटीनं आल्या का रे?" असं विचारल्यावर हसला. सूर्यफूल महागलं की त्या तेलाचं गिऱ्हाईक शेंगतेलाकडं वळतं आणि त्याचाही भाव ओढला जातो. शुल्क सरकारच्या तिजोरीत फक्त आयात तेलाचं जातं, पण भाव सगळ्यांचा चढतो. यातला जादाचा पैसा कोणाकडं जातो, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

शेतकऱ्याकडं जातो, असं आम्हाला सांगितलं होतं. माझे धाकटे दीर हातकणंगले तालुक्यात ऊस करतात, आणि दोन एकर सोयाबीन. शुल्काची बातमी आली तेव्हा त्यांचा फोन: "वैनी, तुमचं तेल महागलं, पर आमचं सोयाबीन हमीभावाच्या वर जाणार बघा!" हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये होता. ऑक्टोबरात काढणी झाली तरी बाजार त्याच्या खालीच. दिवाळीला भाऊजी आले ते गप्पगप्पच. मग वही काढून दोघांनी हिशेब मांडला.

एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो. पेंड निघते ८० किलोच्या आसपास. शुल्कामुळं तेल किलोला १८ रुपयांनी वाढलं आणि ती सगळी वाढ शेतकऱ्याला मिळाली, असं धरलं तरी क्विंटलला सव्वातीनशे होतात. पण पेंड किलोला चारच रुपयांनी पडली तरी ३२० रुपये जातात. तेलात आलेलं पेंडीत गेलं. आणि पेंड पडलीच होती, कारण मक्यापासून इथेनॉल करताना जो चोथा उरतो तो कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला होता. भाऊजी म्हणाले, "म्हंजे शुल्क लावलं सरकारनं, भरलं तुमी, आणि खाल्लं कोंबडीनं!" मला अजून याहून बरं स्पष्टीकरण मिळालेलं नाही.

उलटा हिशेबही याच वहीत बसतो. अमेरिकेनं २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा कोल्हापुरात सगळे म्हणत होते की अमेरिका आपल्याकडून पैसे घेणार. शुल्क भरतो तो तिथला आयातदार, त्यांच्याच सरकारला. मग तो तिथं भाव वाढवतो, नाहीतर इकडं फोन करून "थोडं तुम्ही सोसा" म्हणतो, नाहीतर दुसऱ्या देशाकडं वळतो. माझा भाचा शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. त्याच्या कारखान्यात तिन्ही प्रकारचे फोन आले. कोणाला दुसरा पुरवठादार लवकर सापडतो, त्यावर ठरतं कोण किती सोसणार. सापडत नसेल तर गिऱ्हाईक सोसतं. तेलात आपण तिथंच अडकलो आहोत, कारण देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं.

शेवटी आपल्या मालाचा भाव

हा भाग धंदेवाल्यांसाठी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या चकलीला किलोमागं पाव किलो तेल जातं. कढईत जळतं, गाळात जातं ते धरून तीनशे ग्रॅम म्हणू. किलोला १९ रुपये ४० पैसे वाढलेलं तेल तीनशे ग्रॅमला वाढवतं ५ रुपये ८२ पैसे. सहा रुपये! त्या दिवाळीला शहरात काही ठिकाणी चकली किलोला चाळीस रुपयांनी वाढली आणि पाटीवर लिहिलं होतं "तेल दरवाढीमुळे". चौतीस रुपये तेलाचे नव्हते.

मी त्या वर्षी भाव वाढवला नाही, शब्द दिला होता. पुढच्या वर्षी चकली दहा रुपयांनी वाढवली आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं: सहा तेलाचे, चार बायकांच्या मजुरीचे. एकानंही घासाघीस केली नाही. शेवेला तेल जास्त लागतं, पातळ पोह्याच्या चिवड्याला कमी. ज्यानं त्यानं आपला घाणा एकदा मोजून घ्यावा. तळायच्या आधी कढईसकट तेल तोलायचं, तळून झाल्यावर परत तोलायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

त्या ३० मेच्या कपातीचा हिशेब वहीत असा आहे: ११ टक्के उतरले, त्याच १००० डॉलर आणि ८४ रुपयांनी किलोला ९ रुपये २४ पैसे, जीएसटी धरून ९ रुपये ७०, डब्याला १४५ रुपये. तीन आठवडे एकेक डबा आणला. चौथ्या आठवड्यात माझ्या व्यापाऱ्यानं नव्वद रुपये उतरवले. उरलेल्या पंचावन्नातले काही बाहेरच्या भावानं खाल्ले असतील. बाकीच्यांचं काय, हे मी दर खेपेला वही दाखवून विचारते. तो चहा मागवतो.