एकाच वेळी अनेक ड्राइव्हवर डिस्क बर्न करताना

एका संगणकाला चार-सहा डीव्हीडी ड्राइव्ह जोडायचे असतील, तर प्रोसेसरची चर्चा बाजूला ठेवावी. या कामात त्याला फारसे काही करावे लागत नाही. ड्राइव्ह शक्यतो एकाच मॉडेलचे घ्यावेत, आणि पॉवर सप्लायचे एकूण वॅट पाहून न थांबता १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते तपासावे, कारण ड्राइव्हची मोटर तिच्यावरच फिरते.

खरी कसोटी सर्व ड्राइव्हना अखंड डेटा पुरवण्याची असते. १६एक्स (डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या १६ पट) वेगाने लिहिणारा एक ड्राइव्ह सेकंदाला सुमारे २२ एमबी मागतो, तर यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात ३०-३५ एमबीच मिळतात. म्हणजे दोन ड्राइव्हचेही भागत नाही. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी) घेतल्याने जागा वाढतात, वेग वाढत नाही. प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र साटा पोर्ट (ड्राइव्ह थेट मदरबोर्डला जोडायची जागा) द्यावा. जुन्या रुंद पट्टीच्या केबलवर मास्टर-स्लेव्ह अशी जोडी मुळीच लावू नये, कारण त्या केबलवरून एका वेळी एकच ड्राइव्ह डेटा घेऊ शकतो.

मी दोन ड्राइव्ह हबवर लावले, तेव्हा पहिली काही मिनिटे सारे सुरळीत चालले आणि मी निर्धास्त झालो. पण १६एक्सचा ड्राइव्ह आतल्या कडेला साधारण ६-७एक्सने सुरुवात करतो आणि पूर्ण वेग बाहेरच्या कडेजवळच गाठतो; त्यामुळे पुरवठ्यातली तूट शेवटी उघडी पडते. ड्राइव्हमधला २ एमबीचा बफर (डेटा तात्पुरता साठवणारी मेमरी) त्या वेगाला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत रिकामा होतो. बफर रिकामा झाला की लिहिणे थांबवून नंतर पुढे सुरू करणाऱ्या बफर अंडररन संरक्षणामुळे डिस्क वाया जात नाही हे खरे. मात्र लेझर थांबत-थांबत लिहीत असेल, तर वेगवान ड्राइव्ह घेऊन काय मिळवले? त्यापेक्षा सर्व ड्राइव्ह ८एक्सवर ठेवावेत. डिस्कमागे दोन-तीन मिनिटेच जास्त लागतात.

सर्वत्र एकच इमेज (डिस्कवर जाणाऱ्या सर्व डेटाची एक फाइल) एकदम लिहायची असेल, तर साधी हार्ड डिस्कही पुरते, कारण एकदा वाचलेला डेटा मेमरीतूनच सर्वांना मिळतो. इमेज वेगवेगळ्या असतील, तर डेटा वाचणाऱ्या हेडच्या धावपळीत हार्ड डिस्कचा वेग कोसळतो. तेव्हा फिरते भाग नसलेली एसएसडीच वापरावी.

चाचणी पूर्ण ४.७ जीबीच्या इमेजनेच घ्यावी. कोऱ्या डिस्कच्या दोन प्रकारांपैकी डीव्हीडी-आरवर प्रत्यक्ष काही न लिहिता सिम्युलेशन (लिहिण्याची रंगीत तालीम) करता येते, ही सोय डीव्हीडी+आरवर नाही.