आडनाव धरून पूर्वज शोधताय? मग या चुका टाळा

जुन्या कागदांच्या नादाला लागून मी पहिल्यांदा तहसिलीच्या अभिलेख कक्षात गेलो, तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो, "आमच्या आडनावाची जुनी नोंद बघायची आहे." तिथल्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "गाव बोला. आडनावाचं काय करू?"

तेव्हा राग आला. पुढे कळलं की अख्ख्या विषयाचं मर्म तो माणूस फुकटात सांगून गेला होता. आपल्याकडचं दप्तर गावावर, जमिनीवर आणि बापाच्या नावावर लावलेलं असतं, आडनावावर नाही. आडनाव हे शोधाच्या शेवटी हाती लागायचं, आपण त्यालाच पहिलं टोक समजून ओढत बसतो.

शंभर-दीडशे वर्षांमागे गेलात की सामान्य कुणब्याच्या, कारागिराच्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही. "रामजी बिन सखोजी, मौजे अमुक" एवढ्यावर काम भागत असे. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. वल्द म्हणजेही तेच. गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते, आडनावाची गरज कोणाला होती?

शिवाय आडनावं बदलतात. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले आणि पुढे तेच आडनाव झालं. नाना फडणवीस मूळचे भानू, फडणिशी हे त्यांचं काम. होळ गावचे म्हणून होळकर. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही तर पदंच. दोन गावांतले दोन पाटील एकाच रक्ताचे असतील असं मानणं म्हणजे दोन गावांतले दोन पोस्टमन सख्खे भाऊ मानण्यासारखं आहे. पाटील मंडळींना बहुतेक वेळा पाटीलकीमागचं मूळ आडनाव वेगळं असतं. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, देवकार्यात किंवा लग्न जुळवताना ते आडनाव निघतं.

'कर' लावणाऱ्यांची फसगत आणखी मजेशीर. सासवडकर मंडळी सासवडच्या जुन्या कागदांत सासवडकर शोधत बसतात. अहो, सासवडात राहणाऱ्याला सासवडकर कोण म्हणेल? गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावाने ते नाव दिलं. म्हणजे मूळ गावच्या कागदांत त्यांना वेगळ्याच नावाने शोधायला हवं, आणि 'कर' पहिल्यांदा कुठे दिसतो ते नव्या गावात. रत्नागिरीकडून मॉरिशसला मजुरीला गेलेल्यांच्या घरी तर आणखी एक गाठ पडली. तिकडे गेलेल्या पणजोबाचं नुसतं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. तिथल्या मंडळींनी इकडे येऊन ते 'आडनाव' शोधलं तर सापडणार कसं? त्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदींतून बापाचं नाव, गाव आणि जिल्हा काढून मगच इकडचं तिकीट काढावं.

एकदम पेशवाईत उडी मारू नका

नव्या माणसाला घाई असते ती थेट पेशवे दप्तरात जाण्याची. आपला पूर्वज पानिपतावर होता का, एवढंच त्याला बघायचं असतं. मधल्या सहा पिढ्या मोकळ्या ठेवून वर सापडलेला माणूस तुमचाच कशावरून?

आजच्या सातबाऱ्यापासून मागे चला. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफार नंबर. तो फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची गाव नमुना ६ मधली नोंद, मागवा. वारसाची नोंद असेल तर त्यात कोण मयत झाला, साधारण कधी, मागे बायको कोण, मुलं किती, मुली कुठे दिल्या, एवढं सगळं पाच-सहा ओळींत मिळतं. त्या फेरफाराने ज्या नावाला कंस झाला, म्हणजे जे नाव कमी झालं, ते नाव आधी कुठल्या फेरफाराने लागलं ते बघा. असं एकेक पायरी उतरत जायचं. कंटाळवाणं आहे, पण वंशावळ खरी उभी राहते ती इथेच.

या वाटेवर तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, नावापुढचं 'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव थोरल्याचं. धाकट्यांची नावं दिसत नाहीत म्हणून भाऊ नव्हतेच असं लिहून मोकळे होऊ नका. तसंच 'अ.पा.क. आई' दिसलं तर अज्ञान पालनकर्ती आई, म्हणजे बाप गेला तेव्हा पोरगं लहान होतं. वयाचा अंदाज बांधायला याच्याइतकी चांगली खूण नाही.

दुसरं, गट नंबर. १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर सांगून १९२० चा कागद मागितलात तर मिळेल, पण दुसऱ्याच्याच शेताचा. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे नऊ-तीन, नऊ-चारचे उतारे काढून जुना नंबर आधी ठरवा.

तिसरं, कूळ कायदा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा मालक ठरला. त्यानंतर जमीन नावावर दिसते म्हणून ती वडिलोपार्जित होती आणि घराणं त्या गावात पिढ्यानपिढ्या होतं, असं ठरत नाही. ३२ ग, म्हणजे त्या कायद्यातल्या कलमाचा, उल्लेख दिसला की समजा, त्याआधीच्या पानांवर आपलं नाव कुळाच्या रकान्यात शोधायचं आहे. मालकाच्या रकान्यात शोधाल तर दुसऱ्याच घराण्याचा इतिहास लिहाल.

दोन गणू

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सर्व्हेच्या वेळच्या, शके १७७६ च्या कागदात मला "गणू बिन रामू" सापडला, म्हणजे १८५४ च्या सुमाराचा. पुढे १९३४ च्या तगाईच्या, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी कर्जाच्या, कागदात पुन्हा "गणू बिन रामू". गाव तेच, सर्व्हे नंबर तोच. मी आनंदाने दोन्ही कागद एका माणसाच्या नावावर चढवले. आठ महिन्यांनी धाकट्या मेव्हण्याने तो तक्ता बघितला आणि विचारलं, "भावजी, हा तुमचा गणू शंभरी उलटल्यावर बैलजोडीसाठी कर्ज काढतोय?"

आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. त्यामुळे गणूचा रामू, रामूचा गणू, असा पाळणा हलत राहतो, आणि बापाचं नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं होत नाही. दोन नोंदींत पंचवीस वर्षांहून जास्त अंतर असेल तर दोन माणसं धरूनच चाला. एकच आहे असं सिद्ध करायची जबाबदारी आपली. बायकोचं नाव जुळतंय का? भाऊ तेच आहेत का? कागदात "सगुणा कोम गणू" असं आलं तर कोम म्हणजे बायको. कुठे 'मर्द' तर कुठे 'भ्रतार' लिहिलेलं असतं, अर्थ तोच. बायकांच्या या ओळी लोक ओलांडून जातात आणि मग एका नावाचे दोन पुरुष वेगळे करायला हातात काही राहत नाही.

उलट चूकही होते. घरात ज्यांना अप्पा म्हणत, ते कागदावर विठोबा असतात, आणि कधी तलाठ्याने 'अप्पा' हेच नाव म्हणून घातलेलं असतं. दत्तक गेलेल्याचं तर बापाचं नावच बदलतं.

या गणूचं काय झालं ते शेवटी सांगतो.

सालाची गफलत

जुन्या कागदावर ११६१ दिसलं म्हणून "साडेआठशे वर्षांपूर्वीचं आमचं घराणं" असं सांगणारे मी पाहिले आहेत. पण जुन्या कागदांतलं साल इसवी सनाचं नसतं, आणि ते एकाच सनाचंही नसतं. एकच दिवस घ्या, पानिपताचा, १४ जानेवारी १७६१. तो शके १६८२ मध्ये येतो, सुहूर सन ११६१, फसली ११७० आणि हिजरी ११७४. चार आकडे, दिवस एकच.

सुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात ५९९ मिळवा, तारीख जानेवारी ते मृग या काळातली असेल तर ६००. फसलीत तसेच ५९० किंवा ५९१. शकात ७८, जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. हिजरीला ही बेरीज चालत नाही, ते चांद्र साल आहे, त्याला जंत्रीच, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टकच, हवी. मराठी कागदात तारखेआधी 'छ' दिसला तर तो चंद्र, पुढचा महिना मुसलमानी. आणि सुहूर सन बहुधा आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, झाले ११६१. इथे सित म्हणजे सहा आणि सितैन म्हणजे साठ, सबा सात आणि सबैन सत्तर. एका 'ऐन'ने दोन पिढ्या इकडच्या तिकडे होतात.

मराठवाड्यातला निजामी फसली सन ऑक्टोबरात बदलायचा, हे तिकडच्या मंडळींनी वेगळं लक्षात ठेवावं.

अलीकडच्या तारखाही भरवशाच्या नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरात अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण गुरुजींनी नाव घालताना तेच सोयीचं मानलं. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्मतारीख जास्त खरी असते, पण तिथे पोराचं नाव नसतं. "मुलगा" एवढंच, बापाच्या नावासकट. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचे.

चुकीच्या दारात उभं राहणं

आज गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथेच जुना कागद असेल असं नाही. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होता, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत. हे सोपं. अवघड जातात ती संस्थानं. मंगळवेढं आज सोलापूर जिल्ह्यात, पण ते होतं सांगली संस्थानात. मग सोलापूरच्या इंग्रजी अमदानीच्या दप्तरात मंगळवेढ्याचं घराणं कसं सापडावं? फलटण, भोर, औंध, जत, अक्कलकोट, सावंतवाडी, सगळीकडे हाच प्रकार. मराठवाड्याचे सरकारी कागद बरेचसे आधी फारसीत, नंतर उर्दूत. तिथे नुसता मोडी वाचक घेऊन जाणं म्हणजे विहिरीवर शिडी घेऊन जायचं आणि दोर विसरायचा.

मोडी वाचून घेताना

मोडीत आधी शिरोरेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. "आपाजीबिनसयाजीपाटील" हे एका दमात येतं. त्यामुळे स्वतः अर्धवट शिकून आपलं आडनाव कागदात 'दिसायला' लागणं हा एक आजारच आहे. मनात जे असतं तेच डोळ्यांना दिसतं.

दुसऱ्याकडून वाचून घेतलंत तर सारांश घेऊ नका. ओळीला ओळ लावून लिप्यंतर मागा, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं द्यायला सांगा. मला एका वाचकाने दोन पानांचं सुबक लिप्यंतर दिलं होतं, त्यात तीन ठिकाणी आमचं आडनाव. पुढे दुसऱ्या जाणकाराला मूळ कागद दाखवला, तर त्यात आडनाव एकदाही नव्हतं. पहिल्याने बिचाऱ्याने मला बरं वाटावं म्हणून घातलं होतं. तेव्हापासून मी वाचकाला आडनाव सांगतच नाही.

छापील आणि तोंडी वंशावळी

वंशावळ आयती मिळाली की शहाणे लोकही तपासणं सोडून देतात. ती कोणी, कशासाठी लिहिली, हे आधी बघा. इंग्रजी अमदानीत इनामांची चौकशी करणारं इनाम कमिशन आलं, १८५२ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि इनामदारांना इनाम कुणाला मिळालं, आपण त्याचे कोण, हे दाखवणं भाग पडलं. त्यांनी लिहून दिलेल्या कैफियतींसोबतच्या वंशावळी फार कामाच्या आहेत, पण त्या इनाम वाचवण्यासाठी लिहिलेल्या आहेत. नको असलेली शाखा गाळलेली असू शकते, दत्तक औरस झालेला असू शकतो. वतनाच्या तंट्यातल्या करीन्यांचंही, म्हणजे एकेका पक्षाने मांडलेल्या हकिगतींचंही, तेच. प्रतिपक्षाचा करीना शोधून दोन्ही वाचा, जिथे शत्रूही तेच सांगतो तेवढं पक्कं. कुलवृत्तान्तातली, म्हणजे घराण्याच्या छापील इतिहासातली, शेवटची चार पिढ्यांची माहिती सहसा चांगली असते, वरची मात्र घराघरांतल्या आठवणींवर बेतलेली.

कोल्हापूर-सांगलीकडे वंशावळ सांगणारे हेळवी येतात, बैलावर बसून, आणि दारात घराण्याची नामावळ म्हणतात. ती अवश्य लिहून घ्या, पण त्यातलं पहिलं राजघराण्याचं नाव तेवढं पेन्सिलीने लिहा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावं मिळतात, कधी त्याची सहीसुद्धा. तिथेही उपाध्याय आधी गावच विचारतात.

आणि अडलंच तर

सगळे कागद संपले की लोक हात टेकतात. कारण त्यांनी फक्त स्वतःच्या घराण्याचे कागद पाहिलेले असतात. शेजाऱ्याचे पाहा. प्रत्येक खरेदीखतात, गहाणखतात चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका. भाऊबंदांची शेतं बांधाला बांध लागून असतात, त्यामुळे आपला माणूस दुसऱ्याच्या कागदात साक्षीदारासारखा उभा असतो.

माझा गणू असाच सुटला. शेजारच्या घरातल्या म्हातारीने पत्र्याच्या पेटीतून १८८१ चं एक गहाणखत काढून दिलं. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण सीमा शाबूत होत्या. "पश्चिमेस मयत गणू बिन रामू याचा मुलगा रामू बिन गणू याचें शेत." म्हणजे पहिला गणू तेव्हा वारलेला होता, मधे एक रामू होता आणि बैलजोडी घेणारा त्याचा मुलगा. गहाळ झालेला आमचा रामू इतकी वर्षं शेजाऱ्याच्या बांधावर उभा होता. आडनाव त्या कागदातही नव्हतं.