'पिक अप यू' नको: फ्रेजल व्हर्बच्या या चुका टाळा

गोव्यात इंग्रजी बोलायला फारसे कुणी बिचकत नाही. पेडणे, डिचोलीकडची मराठी माध्यमात शिकलेली मुले कळंगुटच्या हॉटेलांत रिसेप्शनवर बसतात आणि थोड्याच दिवसांत पाहुण्यांशी बिनधास्त बोलू लागतात. घोडे अडते ते अप, ऑफ, आउट, ऑन अशा टीचभर शब्दांपाशी. मराठीत प्रत्यय नामाला लागतो: बसमधून, टॅक्सीत, पाहुण्यांना. फ्रेजल व्हर्बमध्ये मात्र अप-ऑफसारखा शब्द क्रियापदाशी जोडी जमवतो आणि अर्थच बदलून टाकतो. तसे पाहिले तर 'खाऊन टाक' आणि 'बसून राहा' यांत आपणही दुसरे काय करतो?

सर्वांत जास्त कानावर पडणारी चूक ही: 'अवर ड्रायव्हर विल पिक अप यू ॲट मोपा.' हवे 'पिक यू अप'. पुढे नाम असेल तर 'पिक अप द गेस्ट्स' आणि 'पिक द गेस्ट्स अप' दोन्ही बरोबर. पण यू, हिम, हर, इट, देम यांपैकी कुणी आले की ते मध्येच बसते: 'ड्रॉप देम ऑफ', 'स्विच इट ऑफ'. (लाइट 'क्लोज' करणे तर सोडूनच द्या.)

हा नियम पाठ झाला की काहीजण उत्साहाच्या भरात 'लुक देम आफ्टर' म्हणू लागतात. तेही चूक. 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'लुक इंटू' या जोड्या फुटत नाहीत. कुठली फुटते आणि कुठली नाही हे ठरवायला इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा चांगला (लर्नर्स) शब्दकोश उघडावा. तिथे 'पिक समबडी अप' असे दिलेले असते, आणि 'लुक आफ्टर समबडी' असे. समबडी कुठे बसवलाय तेवढे बघायचे. व्याकरणाच्या संज्ञा नंतर.

वाहनांचा घोळ वेगळा. 'आय विल गेट डाउन ॲट फोंडा' हे आपल्याकडे सर्रास चालते, पण ब्रिटिश पाहुण्याला ते खटकते. कदंबा बसमध्ये 'गेट ऑन', उतरताना 'गेट ऑफ'. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीलाही तेच. टॅक्सीला मात्र 'गेट इंटू' आणि 'गेट आउट ऑफ'. जिथे उभे राहून चार पावले चालता येते तिथे ऑन-ऑफ, जिथे वाकून आत बसावे लागते तिथे इन-आउट, असा ठोकताळा धरा. पायलटच्या, म्हणजे भाड्याने नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या, मोटारसायकलवर आपण टांग टाकून बसतो, म्हणून तिथे पुन्हा ऑन. छोट्या होडीत पाय टाकताना 'गेट इंटू'.

हॉटेलवाल्यांनी एक गोष्ट खास जपावी. 'प्लीज चेक आउट द हॉटेल' म्हणजे हॉटेल जरा बघा तरी! खोली सोडायची असेल तर 'चेक आउट ऑफ द हॉटेल', किंवा नुसते 'चेक आउट'. तसेच पावसामुळे बोटीची सफर पुढे ढकलली तर 'पुट ऑफ', रद्दच झाली तर 'कॉल्ड ऑफ'. इथे गल्लत केलीत तर पैसे परत मागायचे की उद्याची वाट पाहायची, हे पाहुण्याला कळणार नाही.

ई-मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हमखास दिसते. इथला टू हा 'टू गो'मधला नव्हे, म्हणून 'टू मीटिंग यू'.

काही शब्द आपण उगाच जास्तीचे घालतो: 'कोप अप विथ' नाही, 'कोप विथ', 'रिटर्न बॅक' नाही, 'रिटर्न', 'डिस्कस अबाउट'मधला अबाउटही काढा. फॉर्म 'फिल इन' किंवा 'फिल आउट' करा, 'फिल अप' पेट्रोलच्या टाकीसाठी ठेवा.

आणि परदेशी क्रूझ कंपनीच्या मुलाखतीला जाणार असाल तर 'आय पास्ड आउट इन 2022' म्हणू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ पदवी मिळाली. समोरच्याला वाटेल तुम्ही चक्कर येऊन पडला होता. तिथे 'आय ग्रॅज्युएटेड इन 2022' म्हणा.