‘डिड’ आले की ‘ईडी’ नको: नियमित क्रियापदांच्या या चुका टाळा

इंग्रजीतील अनियमित क्रियापदांची यादी घोकणारे विद्यार्थी नुसते ‘ईडी’ (-ed) जोडून भूतकाळ होणाऱ्या नियमित क्रियापदांकडे जरा तुच्छतेनेच पाहतात, कारण त्यांची रूपे मोजून चार असतात: वर्क, वर्क्स, वर्क्ड आणि वर्किंग. मराठीत ‘तो चालला’, ‘ती चालली’, ‘ते चालले’ असा लिंगवचनाचा संसार सांभाळणाऱ्या माणसाला तिथे, कर्ता कोणीही असो, एकटे ‘वॉक्ड’ पुरते, ही सवलत खरीच आहे. तरीही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या लेखनात लाल शाई सर्वाधिक खर्च होते ती याच सोप्या क्रियापदांवर.

सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘आय डिड नॉट वर्क्ड’. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने नोकरीसाठी लिहिलेले पत्र मला दाखवले. त्यात ‘डिड नॉट’ सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा पुढच्या क्रियापदाला ‘ईडी’ लागलेले होते. बारा काळांचा तक्ता आपण दोन दिवसांत पाठ केला आहे, असे तो अभिमानाने सांगत होता, म्हणून मी त्याला तो म्हणायला लावला. त्याने न अडखळता ‘आय डिड नॉट वर्क’ असे अगदी बरोबर म्हटले, आणि तरीही समोरच्या कागदावरची चूक त्याच्या नजरेला दिसेना. तक्ता तोंडात होता, हातात उतरला नव्हता. दोन दिवसांत काळ शिकवणाऱ्या सगळ्या युक्त्यांविषयी माझे मत तेव्हापासून आहे तेच आहे.

ही चूक होते याचे कारण मराठीत आहे आणि गंमत म्हणजे तिचा उताराही मराठीतच आहे. ‘मी काम केले नाही’ आणि ‘तू काम केलेस का?’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद भूतकाळातच राहते, त्यामुळे इंग्रजीत नुसते ‘वर्क’ लिहिताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. पण ‘ते काम करतात’ याचा नकार करताना आपण ‘ते काम करतात नाहीत’ असे कधीच म्हणत नाही. ‘ते काम करत नाहीत’ असे म्हणताना अनेकवचनाची खूण आपण ‘करतात’वरून उचलून ‘नाहीत’वर ठेवतो. इंग्रजी हेच ‘डिड’ आणि ‘डझ’ यांच्याबाबत करते. खूण एकदाच लागते आणि ती पहिल्या क्रियापदावर लागते, म्हणून ‘डझ ही वर्क’ असे म्हणायचे, ‘डझ ही वर्क्स’ असे नव्हे. त्या तरुणाला मी रोज स्वतःच्या दिवसाविषयी दहा होकारार्थी वाक्ये लिहून त्यांचीच नकारार्थी आणि प्रश्नार्थी रूपे करायला सांगितले. तिसऱ्याच दिवशी त्याने यापेक्षा झटपट उपाय विचारला, तो माझ्याकडे नव्हता. तीन आठवड्यांनी मात्र त्याचा हात ‘डिड’नंतर आपोआप थांबू लागला.

दुसरी चूक अधिक फसवी असते, कारण ती करताना वाक्य कानाला खटकत नाही. ‘मी काल अर्ज पाठवला आहे’ हे मराठीत सहज चालते, म्हणून ‘आय हॅव मेल्ड इट यस्टरडे’ असे लिहिले जाते. परंतु संपलेली वेळ सांगितली की इंग्रजीला साधा भूतकाळच लागतो आणि ‘हॅव’ गळावे लागते. ‘मी मागच्या वर्षी अर्ज केला होता’ यातल्या ‘होता’चे ‘हॅड’ करण्याचा मोहही असाच आवरावा. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीची गोष्ट सांगायची असेल तरच ‘हॅड अप्लाइड’ शोभते. एरवी ‘अप्लाइड’ पुरे. आपला ‘-पासून’ तर दुहेरी घोटाळा करतो. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतो आहे’ याचे ‘आय अ‍ॅम वर्किंग हियर सिन्स फाइव्ह इयर्स’ होते, ज्यात काळही चुकतो आणि शब्दही. तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ हवे आणि कालावधीसाठी ‘फॉर’ हवे. ‘सिन्स’ हे सुरुवातीच्या क्षणासाठी, म्हणजे ‘सिन्स 2019’ अशा ठिकाणी, राखून ठेवावे. माझी सवय अशी की ‘-पासून’ मनात आला की आधी थांबायचे आणि त्याच्यामागे तारीख आहे की मुदत आहे हे पाहायचे.

‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ हे ‘मी सहमत आहे’चे शब्दशः रूप आहे, ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद असल्याने ‘अ‍ॅम’ काढून टाकावे. ‘पुटेड’ आणि ‘कटेड’ असे शब्द नाहीत, एवढे सांगून पुढे जातो.

‘ईडी’ लावताना स्पेलिंगमध्ये ‘स्टॉप’चा पी दुप्पट होतो, पण ‘व्हिजिट’चा टी होत नाही, कारण तिथे आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चार-तुकड्यावर असतो, ‘प्रिफर’मध्ये तो शेवटी असल्याने आर दुप्पट होतो. ‘ट्रॅव्हल’चा एल या नियमाला न जुमानता ब्रिटिश लेखनात दुप्पट होतो, अमेरिकी लेखनात एकटाच राहतो, दोन्ही चालतात, मात्र एकाच लेखात दोन्ही नकोत. ‘स्टडी’च्या वायचा आय होतो, तर ‘प्ले’चा वाय स्वरानंतर येत असल्यामुळे तसाच राहतो.

उच्चारात ‘ईडी’ दिसले की ‘एड’ म्हणण्याची घाई करू नये. ‘वॉक’ आणि ‘हेल्प’ यांच्यापुढे त्याचा नुसता ‘ट्’ होतो, ‘प्ले’ आणि ‘कॉल’ यांच्यापुढे ‘ड्’ होतो, आणि ‘वॉन्ट’, ‘नीड’ यांसारखी टी किंवा डीच्या ध्वनीने संपणारी क्रियापदे असतील तेव्हाच ‘इड’ असा वेगळा अवयव ऐकू येतो.