अंगणातला ओक वाळतोय? फवारणीआधी पानं बघा

अमेरिकेत घरामागच्या ओकची पानं बिघडली, तर आधी महिना नोंदवा आणि पानाच्या कडेचे फाटे बघा. टोकदार असतील तर लाल ओकचा गट, गोलसर असतील तर पांढरा.

खरी भीती ओक विल्टची. ही बुरशी पाणी वाहणाऱ्या नलिकाच बंद पाडते. उन्हाळ्यात लाल ओकचा शेंडा तांबूस होतो, पानं बुडाशी हिरवी असतानाच गळतात आणि बरेचदा काही आठवड्यांत झाड जातं. टेक्सासच्या लाइव्ह ओकवर (सदाहरित ओकवर) पानाच्या शिरा पिवळ्या-तपकिरी पडतात. कोमेजू लागलेल्या फांदीची साल सोला; आतल्या लाकडात तपकिरी रेघा असतील तर संशय बळावतो. रेघा नसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका.

खात्री प्रयोगशाळाच देते. अर्धवट जिवंत फांदीचे 2-3 सेंमी जाड, 15-20 सेंमी लांब तुकडे पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि राज्य विद्यापीठाच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेत लगेच पोचवा. वाळलेल्या किंवा तापलेल्या लाकडात बुरशी सापडत नाही. असे नमुने वाया जातात.

लक्षणं ऑगस्टच्या सुमारास किंवा नंतर दिसली, पानाची कड करपून तिला पिवळी किनार आली आणि दरवर्षी तेच घडलं, तर जिवाणूजन्य करपा समजा. खोडावर इंग्रजी ‘डी’च्या आकाराची, सुमारे 3 मिमीची भोकं म्हणजे खोडकिडा, तो दुष्काळाने खंगलेलं झाड गाठतो. पानांवरच्या गाठींना औषध नको.

टेक्सासात फेब्रुवारी ते जून छाटणी टाळा. फांदी मोडलीच, तर जखमेवर लगेच रंग लावा: झाडाचा रस खाणारे भुंगे तिथूनच रोग आणतात.