घरच्या रेकॉर्डिंगसाठी सामान घेताय? या चुका टाळा

लातूर, परभणी, बीड, फोन कुठूनही येवो, पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, लॅपटॉप कोणता घेऊ?" गाणार कोण, वाजवणार काय, खोली पत्र्याची की स्लॅबची, हे मी विचारलं की समोरचा गप्प होतो. सगळा पैसा लॅपटॉपवर घालायचा आणि उरलेल्यात माईक बसवायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

औसा तालुक्यातल्या एका भजनी मंडळानं हेच केलं. वर्गणी जमली, पोरांनी गेमिंग लॅपटॉप उचलला. गाणं रेकॉर्ड करताना ग्राफिक्स कार्डाला जवळपास काही काम नसतं, हे दुकानदारानं सांगितलं नाही. 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झ या दर्जावर एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माईकचं रेकॉर्डिंग, मिनिटाला साधारण 8 एमबी जागा घेतो. आठ ट्रॅक धरले तरी 64 एमबी. साधी एसएसडी आणि 16 जीबी रॅम याला भरपूर झाली. उरलेल्या पैशांत स्वस्तातला कंडेन्सर माईक (बारीकसारीक आवाजही पकडणारा) आणि एक इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आला.

पहिल्याच अभंगात मागं सलग "घूं". पोरांनी केबल बदलली, माईक बदलला, घूं तसाच. मग कुणीतरी नॉइज काढायचं सॉफ्टवेअर सुचवलं. त्यानं घूं गेला, पण पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूची गुंजही गेली, कारण दोन्ही खालच्याच पट्टीत असतात. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. मी गेलो, लॅपटॉपचा चार्जर काढला आणि बॅटरीवर रेकॉर्ड करायला सांगितलं. घूं गायब, म्हणजे दोष विजेच्या जोडणीत. बोर्ड उघडला तर अर्थिंगची वायर आत मोकळीच लोंबत होती! वायरमन बोलावला, अंगणात खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, तेव्हा कुठं आवाज स्वच्छ झाला. काही जण चार्जरची तिसरी पिनच मोडून टाकतात. घूं कधीकधी जातोही, पण शॉक बसला तर जिवावर बेतेल. कृपा करून असं करू नका.

खोली पत्र्याची होती. कंडेन्सर माईकनं गाण्याबरोबर तापलेल्या पत्र्याचा कडकडाट, शेजारचा कूलर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, सगळं उचललं. अशा खोलीत मी साधा डायनॅमिक माईकच, म्हणजे जवळचाच आवाज नीट घेणारा, लावतो, तोंडापासून चार बोटांवर, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर दोन वाकळी टाकतो. डायनॅमिकला 48 व्होल्टचा फँटम पॉवरही, म्हणजे इंटरफेसमधून माईकला द्यायची वीज, लागत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार: "आवाज मागून ऐकू येतो," म्हणजे गायलेलं हेडफोनमध्ये उशिरा पोचतं. लगेच नवा लॅपटॉप घ्यायला निघू नका. इंटरफेस ज्या कंपनीचा, तिचाच एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजला इंटरफेसशी झटपट बोलायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका. गाताना बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते माप, 128 सॅम्पल ठेवा. 48 किलोहर्ट्झवर तो जेमतेम 2.7 मिलीसेकंद होतो, ड्रायव्हरचा आणि येण्याजाण्याचा वेळ धरूनही गाणाऱ्याला सहसा जाणवत नाही. मिक्सिंगला, म्हणजे रेकॉर्ड झालेले ट्रॅक एकत्र जुळवायला, बसलात की 1024 करा. एवढी सेटिंग पाहायला पाच मिनिटं लागतात, पण नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो.

ब्लूटूथ हेडफोनवर रेकॉर्डिंग करायचं नाही, विषय संपला.

क्रॅक सॉफ्टवेअर नको. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरून बघता येतं, तेवढ्यात हात बसतो.

लाल दिवा लागेपर्यंत गेन, म्हणजे इंटरफेसवरचं माईकचा आवाज वाढवायचं बटण, वाढवू नका. सगळ्यात जोरकस तान सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

लाइट जाण्याचं दुखणं आपल्याकडं आहेच. इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर घरघर माईकमध्ये उतरू शकते. इंटरफेस यूएसबीवरच चालणारा घेतला तर लाइट गेल्यावरही लॅपटॉपच्या बॅटरीवर एखादा अभंग आरामात होतो.