काकांच्या क्रमाने फोटो शिका: खिडकीपासून पाकिटापर्यंत

दहावीनंतरच्या सुट्टीत मी फलटणमधल्या एका लहानशा स्टुडिओत काकांच्या हाताखाली लागलो. पहिले पंधरा दिवस त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. ओट्यावर बसवायचे आणि विचारायचे, "उजेड कुठून येतोय? सावली कुठं पडलीय?" आज काका नाहीत. पण कुणी फोटो शिकायचाय म्हणालं, की मी त्यांच्याच क्रमाने शिकवतो. हातात मोबाइल असला तरी चालेल.

सुरुवात खिडकीपासून करा. थेट ऊन येत नाही अशा खिडकीशी घरातल्या कुणाला तरी बसवा, चेहऱ्याची एक बाजू खिडकीकडे. खोलीतले दिवे बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की चेहरा आजारी दिसतो. आता माणसाला खिडकीपासून एकेक पाऊल मागे सरकवत फोटो काढा आणि नाकाची सावली बघा. जवळ असताना तिची कड मऊ असते, दूर जाताना टोकदार होत जाते. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला हातभर अंतरावर पांढरा थर्माकोल धरा. डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसतोय ना, हे शेवटी तपासा. तो नसेल तर डोळे विझल्यासारखे वाटतात.

मला सगळ्यात जास्त छळलं ते पांढऱ्या रंगाने. पालखी फलटणला आली तेव्हा मी फिल्मचा पहिला रोल वारकऱ्यांवर संपवला. निगेटिव्ह अगदी पातळ, म्हणजे उजेड कमी पडून फिकट आल्या, चेहऱ्यांत तपशीलच नाही. काका रागावले नाहीत. निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाले, "मीटरला धोतर कळत नाही रे. त्याला सगळं जग करडं वाटतं." खरंच तसं आहे. मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग, समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणून ठेवतो. म्हणून पांढऱ्या टोप्या-धोतरांनी चौकट भरली की कॅमेरा उजेड कमी घेतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी कॅमेऱ्यात एक्स्पोजर +1 करा, म्हणजे दुप्पट उजेड आत येतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवा. धोतराच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर थोडं मागे या. काळ्या पाषाणाची मूर्ती किंवा म्हैस असेल तर उलट, -1.

कडक उन्हाचा हिशेब काकांना तोंडपाठ होता: भिंगाचं छिद्र एफ 16, फिल्मची उजेड टिपायची क्षमता आयएसओ 100, तर शटर सेकंदाचा 1/125 भाग उघडं. ढगाळ असेल तर छिद्र मोठं, एफ 8.

मग एक रविवार फक्त 36 फोटोंचा ठेवा. रोलमध्ये तेवढेच असायचे. जागा एकच, बाजार किंवा एसटी स्टँड. मधे स्क्रीन बघायची नाही. निवड आठवड्याने करा, कारण त्या दिवशी झालेली दमछाक आपल्याला वाईट फोटोही आवडायला लावते. काका कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलचे सगळे फोटो छोट्या आकारात छापलेल्या कागदावर, लाल पेन्सिलीने जेमतेम तीन चौकटींना खूण करायचे.

माणसाचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. "माउली, काढू का?" एवढं पुरतं. मान हलली, तर लगेच कॅमेरा उचलू नका. दोन शब्द बोला, खांदे सैल होऊ द्या. नाही म्हणाले तर हात जोडून पुढे जा.

आणि फोटो परत द्या. मला वाटतं, काकांचं सगळं शिकवणं इथंच येऊन पोचायचं. 4 बाय 6 इंचांची प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. काका प्रत्येक प्रिंट पाकिटात घालून वर दिंडीचा क्रमांक लिहायचे आणि पुढच्या आषाढात मुक्कामावर जाऊन हातात द्यायचे. ते गेले त्या वर्षी कपाटात अशी अकरा पाकिटं सापडली. पालखी आली तेव्हा मी ती घेऊन निघालो. रात्रीपर्यंत नऊ पोचली. उरलेली दोन अजून माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आहेत.